मुंबई शहर उत्तर, १९५२ : दोन जागा, दोन मते

प्रश्न : १९५२ च्या लोकसभा निकालात 'मुंबई शहर उत्तर'मध्ये अशोक मेहतांना नारायण काजरोळकरांपेक्षा जास्त मते दिसतात. तरी काजरोळकर विजयी आणि मेहता पराभूत! छपाईची चूक आहे का?

उत्तर : नाही. हा मतदारसंघ द्विसदस्यीय होता. एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आणि दुसरी सर्वांना खुली. मते ढोबळ हजारांत सांगायची तर विठ्ठल बाळकृष्ण गांधी (काँग्रेस) १४९, मेहता (समाजवादी) १३९, काजरोळकर (काँग्रेस) १३७ आणि डॉ. आंबेडकर (शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन) १२३. आधी राखीव जागा भरायची, म्हणजे अनुसूचित जातींच्या उमेदवारांत सर्वाधिक मते कोणाला ते पाहायचे. तिथे काजरोळकर पुढे. मग उरलेल्या सगळ्यांत पहिला कोण, तर गांधी. मेहतांना राखीव जागा मिळूच शकत नव्हती.

प्रश्न : कॉम्रेड डांगे यांच्यामुळे बाबासाहेब हरले, असे म्हणतात. खरे किती?

उत्तर : हे समजायला आधी मतदानाची रीत पाहावी लागते. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी असे आणि मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ६३ नुसार एकच धरायची, दुसरी बाद. कम्युनिस्ट नेते डांगे त्याच मतदारसंघात उभे होते. दोन्ही मते त्यांनाच द्या, म्हणजे दुसरे मत कुजेल, असा प्रचार झाल्याचा आरोप होता. आंबेडकर आणि मेहता यांनी निकालाविरुद्ध निवडणूक याचिका केली, ती फेटाळली गेली. बाद मतपत्रिकांचा आकडा ७४ हजारांवर सांगितला जातो आणि आंबेडकरांच्या पराभवाचा फरक सुमारे १४ हजारांचा. आकडे शेजारी ठेवले की निष्कर्ष सोपा वाटतो, पण कुजलेले प्रत्येक दुसरे मत आंबेडकरांनाच पडले असते, हे गृहीतच आहे.

आमच्या मते गळतीकडे, म्हणजे जोडीतल्या एकाला मिळून दुसऱ्याला न मिळालेल्या मतांकडे, जास्त पाहावे. समाजवादी आणि फेडरेशन यांची युती होती, म्हणजे एक मत मेहतांना, एक आंबेडकरांना. दोघांत १६ हजारांचे अंतर पडले. काँग्रेसच्या जोडीतही ११-१२ हजारांचे अंतर आहे, पण तिच्याकडे गळती सोसायला पुरेशी शिल्लक होती. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत, तोही द्विसदस्यीय मतदारसंघ, मेहता निवडून आले आणि आंबेडकर हरले.

प्रश्न : हाच आजचा उत्तर मुंबई मतदारसंघ का? आणि मतांच्या बेरजेवरून मतदानाची टक्केवारी काढता येईल का?

उत्तर : नाव जुळते म्हणून हद्द जुळत नाही. १९५७ मध्येच 'मुंबई शहर उत्तर' एकसदस्यीय झाला होता (कृष्ण मेनन तिथून निवडून आले), तर द्विसदस्यीय 'मुंबई शहर मध्य'तून डांगे आणि गो. का. माने लोकसभेत गेले. द्विसदस्यीय मतदारसंघांची ही पद्धत १९६१ च्या कायद्याने संपली. त्याआधी १९५७ मध्ये आंध्रातल्या द्विसदस्यीय पार्वतीपुरमला राखीव आणि खुली अशा दोन्ही जागा अनुसूचित जमातींच्या उमेदवारांकडे गेल्या आणि व्ही. व्ही. गिरी पडले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले होते.

टक्केवारीचे म्हणाल तर, अशा मतदारसंघात मतांची बेरीज थेट वापरू नका, ती मतदारसंख्येच्याही पुढे जाऊ शकते. दोनाने भागले तर येतो तो किमान आकडा, कारण काहींनी एकच मत दिलेले असते आणि काहींचे दुसरे बाद झालेले असते.