आंबे पिकवायचं कार्बाइड आणि लेथच्या टूलचं कार्बाइड एकच का? कारखान्यात ते कशाला लागतं?

एकच नाही. आंब्याच्या पेटीत पुडी टाकतात ते कॅल्शियम कार्बाइड. चुना आणि कोक विजेच्या भट्टीत तापवून करतात, पाणी लागलं की ॲसिटिलीन सोडतं. वेल्डिंगला तोच गॅस. फळं पिकवायला त्यावर बंदी आहे. लेथच्या टूलला असतं ते टंगस्टन कार्बाइड. कोबाल्टमध्ये धरून सुमारे १४०० अंशांवर भाजलेली भुकटी. जुने लोक त्याला विडिया म्हणतात. क्रुपने १९२० च्या दशकात दिलेलं हे नाव, जर्मनमध्ये 'हिऱ्यासारखं' या अर्थाचं.

पाण्याशी याचं काही वाकडं नाही, असं पुस्तकात मिळेल. माझी दोन दिवसांची हजेरी पाण्यानेच खाल्ली.

१९९६ साली बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका शेडमध्ये लेथवर होतो. ईएन-८ पोलादाचा शाफ्ट, ब्रेझ केलेली (पितळेसारख्या धातूने टूलवर जोडलेली) कार्बाइडची टिप, पाणी न सोडता कोरडंच टर्निंग. चिप, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, निळी निघत होती, म्हणजे उष्णता चिपबरोबर बाहेर जात होती. एवढ्यात सुपरवायझर आला. निळा रंग बघून ओरडला, 'अल्या, टूल बळी जशे!' (अरे, टूल जळून जाईल!) आणि स्वतःच्या हाताने कूलंटचा, म्हणजे टूल थंड ठेवायच्या पाण्याचा, कॉक सोडला. टक्‌. टिपेचा कोपराच गेला. रजिस्टरवर मात्र नाव माझं.

एचएसएसवर (हाय स्पीड स्टीलच्या टूलवर) आयुष्य गेलेली माणसं कार्बाइडलाही तसंच वागवतात. एचएसएस साधारण ६०० अंशांपुढे मऊ पडतं, त्याला पाणी हवंच. कार्बाइड त्याच्यापुढेही टिकतं, पण ते कडक तितकंच ठिसूळ. लाल टिपेवर पाणी पडलं की वरचा थर आक्रसतो, आतला तापलेलाच राहतो, आणि तडा जातो. पाणी सोडायचं तर पहिल्या कटापासून धो धो, नाहीतर अजिबात नाही. टिपेला धार लावतानाही पाण्यात बुचकळायचं नाही. धार लावायचा तो हिरवा दगड म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, हे तिसरं कार्बाइड.

बाकी उपयोग म्हणाल तर तार ओढायच्या डाय, खाणीतले ड्रिल बिट.

आता सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) कोटिंगवाल्या इन्सर्टवर, म्हणजे बदलता येणाऱ्या कार्बाइडच्या टिपेवर, पाण्याची धार बिनधास्त चालते, ते वेगळं. आणि माझ्या टिपेचं ब्रेझिंग कच्चं असेल, हेही शक्य आहे. पण कॉक मी सोडला नव्हता. तुम्ही शिकाऊ असाल आणि कोणी मधेच पाणी सोडलं, तर तिथल्या तिथे चार जणांसमोर सांगा, 'साहेब, हे तुम्ही सोडलंत.' मी गप्प बसलो होतो.