देणगीदारांची यादी सांभाळणे हेही करिअर आहे का?

गोव्यातील डिचोलीहून एका मातेचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सत्तरी तालुक्यातील मुलांसाठी अभ्यासवर्ग चालवणाऱ्या एका संस्थेच्या कार्यालयात तिने सुटीत दोन महिने काम केले, देणगीदारांच्या याद्या संगणकावर लावून दिल्या, आणि आता तिला याच कामात पुढे जायचे आहे. तिने सरकारी नोकरीच्या परीक्षा द्याव्यात, असे वडिलांचे मत आहे. ‘समाजसेवा करावी, पण पोट कशावर भरायचे?’ असे ते विचारतात.

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

आपल्या यजमानांची काळजी रास्त आहे. स्वयंसेवी संस्थेतील सुरुवातीचा पगार सहसा सरकारी नोकरीची बरोबरी करत नाही, आणि पुष्कळदा नेमणूक एखाद्या प्रकल्पापुरती असते. निधी संपला की जागाही संपते. तरीही मुलीची निवड मला चुकीची वाटत नाही, कारण तिला आवडलेले काम हिशेब, कायदा आणि संगणक या तिन्हींची जाण मागते, आणि अशी जाण असलेली माणसे लहान संस्थांना सहजी मिळत नाहीत.

एकेकाळी पावतीपुस्तकावरची सही पुरेशी असे. 2021-22 या आर्थिक वर्षापासून मात्र, 1961 च्या आयकर कायद्यातील 80जी कलमाखाली देणगीदाराला सवलत मिळावी म्हणून, संस्थेने प्रत्येकाचे नाव, पत्ता, पॅन आणि रक्कम 10बीडी या विवरणपत्रात भरून 31 मेपर्यंत आयकर खात्याला कळवायची आणि त्यावरून तयार होणारे प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचे, अशी पद्धत सुरू झाली. पॅनमधले एक अक्षर चुकले तर देणगीदाराची सवलत अडते, आणि विवरणपत्राला उशीर झाला तर संस्थेवर दिवसाला 200 रुपये शुल्क चढते. रोख देणगी 2000 रुपयांहून अधिक असेल तर तिच्यावर सवलत नाही, हेही पैसे हाती घेतानाच सांगावे लागते. आता 2025 च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला हे समजून घेणे जड जाणार नाही.

गोव्यात या कामाला आणखी एक पदर आहे. एकच देणगीदार एका यादीत पणजीचा असतो आणि दुसऱ्या यादीत पंजिमचा. डिचोलीचे बिचोलिम होते, साखळीचे सँक्वेलिम, आणि नाईक किंवा कामत हे आडनाव रोमी लिपीत कधी पोर्तुगीज वळणाने लिहिले गेले की संगणक त्याला निराळा माणूस समजतो. मग त्याच घरी मदतीचे आवाहन दोनदा जाते आणि आभाराचे पत्र एकदाही जात नाही. देणगीदारांच्या नोंदी ठेवणारी सिव्हीसीआरएमसारखी मुक्त संगणक प्रणाली विनामूल्य मिळते, पण कोणत्या दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे ठरवायला येथील गावे आणि घराणी ओळखणारी व्यक्तीच लागते. देवस्थानच्या वर्गणीची वही ज्यांनी सांभाळली आहे त्यांना यातली जबाबदारी वेगळी सांगायला नको.

ही माहिती लोकांनी विश्वासाने दिलेली असते, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले, आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी या कायद्यात पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. वर्गातील मुलांची नावानिशी छायाचित्रे देणगीदारांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकण्यापूर्वी थांबून विचारणारी व्यक्ती कार्यालयात असलीच पाहिजे. ती आपली मुलगी असू शकेल.

संस्थेने शिकलेले इतरांसाठी खुले करणे हाही या कामाचाच भाग आहे. गोवा विद्यापीठाने कोकणी विश्वकोशाचे चार खंड 2013 मध्ये मुक्त परवान्याखाली दिले, तेव्हा तो मजकूर कोकणी विकिपीडियासाठी वापरण्याची वाट मोकळी झाली. सत्तरीतील वर्गांत कोणती पद्धत चालली आणि कोणती फसली, हे मराठीत व कोकणीत स्वच्छ लिहून ठेवले तर पेडणे किंवा काणकोणच्या संस्थेला तेच पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागणार नाही. असे लिहिणारे फार थोडे आहेत.

पदवीनंतर लगेच महागडा अभ्यासक्रम घेऊ नये. तिने एक वर्ष नोकरी करावी, मात्र नेमणूकपत्रात मुदत व पगार लिहून घ्यावा, आणि संस्थेची नोंदणी नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवर पाहावी. एक्सेल पक्के करावे, आणि रेंज नसलेल्या गावातही पाहणीची उत्तरे भरून घेता येणारे कोबोटूलबॉक्स शिकावे. त्याच वर्षात गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेचा अर्जही भरता येईल, त्यात विरोधाचे काही नाही. पुढे शिकावेसे वाटले तर घराजवळच, पर्ये येथील गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये डेटा विश्लेषणाचे शिक्षण आहे.

निर्णयापूर्वी यजमानांनी एकदा तिच्याबरोबर त्या कार्यालयात जावे आणि तिने लावलेली यादी तिच्याकडूनच समजावून घ्यावी.