वाचकांचे प्रश्न : शिबिर उठल्यानंतरचे गाव

प्रश्न : माझ्या पुतणीला तिच्या विद्यापीठाच्या कुलगुरूंचे वर्षअखेरचे निवेदन आले आणि ते तिने मला वाचून दाखवले. त्यात वसतिगृहे, युवक महोत्सव आणि क्रीडास्पर्धा यांच्या जोडीला समाजसहभागाविषयी एक भाग असून शिबिरांची, लावलेल्या रोपांची आणि सहभागी विद्यार्थ्यांची संख्या दिलेली आहे. आमच्या गावातही दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एका महाविद्यालयाचे सात दिवसांचे शिबिर झाले होते. मुलांनी मनापासून काम केले, नाल्यावर वनराई बंधारा घातला, मंदिराच्या ओट्यावर रात्री कार्यक्रम झाले. पुढच्या पावसाळ्यात बंधारा वाहून गेला आणि महाविद्यालयाकडून पुन्हा कोणी फिरकले नाही. माझी आई एवढेच म्हणते, "पोरे उनात अन् गयात." (पोरे आली आणि गेली.) अशा निवेदनात नेमके काय मोजलेले असते आणि गावाला त्याबद्दल विचारता येते का?
— एक ग्रामपंचायत सदस्य, पारोळा तालुका

उत्तर : आपण विद्यापीठाचे आणि महाविद्यालयाचे नाव कळवले आहे, ते येथे देत नाही, कारण आपला प्रश्न कोणत्याही विद्यापीठाला लागू पडतो.

आधी बंधाऱ्याविषयी. रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती-वाळू भरून घातलेला वनराई बंधारा एका हंगामापुरताच असतो. पुराच्या पाण्यात तो जाणारच, त्यात मुलांच्या कामाचा दोष नाही. तो घालायचा असतो पावसाळा सरताना, नाल्याला वाहते पाणी असेपर्यंत, आणि पारोळ्यासारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात हे पाणी फार दिवस टिकत नाही. जानेवारीत घातलेल्या बंधाऱ्यामागे अडवायला पाणी किती उरले होते, हे आपणच सांगू शकाल. शिबिर जानेवारीत आले ते नाल्याकडे पाहून नव्हे, तर सत्र परीक्षा संपल्या म्हणून. विद्यापीठाचे वर्ष परीक्षांवर चालते आणि गावाचे वर्ष पाण्यावर व पिकांवर; या दोन वर्षांचा मेळ कोणी घालत नाही, हे माझ्या मते आपल्या तक्रारीचे मूळ आहे.

हे शिबिर बहुधा राष्ट्रीय सेवा योजनेचे असावे. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ही योजना ३७ विद्यापीठांत सुरू झाली. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावे आणि त्याखेरीज सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहावे, अशी तिची रचना आहे. म्हणजे कागदोपत्री सात दिवसांचे शिबिर हा कामाचा लहान भाग आहे आणि वर्षभराचे १२० तास हा मोठा. प्रत्यक्षात गावाला दिसते ते फक्त शिबिर, कारण उरलेले तास बहुतेक ठिकाणी महाविद्यालयाच्या आवारातील स्वच्छता, व्याख्याने, फेऱ्या आणि जयंत्या-पुण्यतिथ्यांत जातात. गाव दत्तक घेण्याची कल्पना या योजनेत आहे. २०१४ साली सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानातही प्रत्येक सहभागी संस्थेने साधारण पाच गावे निवडावीत, तेथील घरोघरची पाहणी करावी आणि गावाच्या गरजा पाहून काम ठरवावे, असे अपेक्षित आहे. गावाचे नाव दत्तक यादीत असूनही सरपंचांना त्याचा पत्ता नसणे अशक्य नाही. म्हणून शिबिर घेणाऱ्या महाविद्यालयाला ग्रामपंचायतीच्या पत्राने पहिला प्रश्न विचारावा तो हाच : आमचे गाव आपण दत्तक घेतले आहे का, आणि कोणत्या वर्षापासून?

आता निवेदनातील आकड्यांविषयी. कुलगुरूंना आकड्यांची हौस असते म्हणून ते येत नाहीत. उच्च शिक्षणसंस्थांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक मूल्यांकनाच्या सात निकषांपैकी तिसरा निकष संशोधन, नवोपक्रम आणि विस्तारकार्याचा, म्हणजे संस्थेबाहेर समाजात केलेल्या कामाचा आहे, आणि त्यासाठी विस्तारकार्याचे किती कार्यक्रम झाले व त्यांत किती विद्यार्थी होते, याची पुराव्यांसह माहिती द्यावी लागते. महाविद्यालये ती विद्यापीठाला देतात आणि तिचीच बेरीज पुढे निवेदनात येते. लावलेली रोपे या पद्धतीत सहज मोजली जातात. जगलेली मोजायला मात्र दोन उन्हाळ्यांनंतर परत यावे लागते, तोवर मुले उत्तीर्ण होऊन गेलेली असतात आणि कार्यक्रम अधिकारीही पुष्कळदा बदललेले असतात. आपल्या मातोश्रींच्या चार शब्दांत जे आले आहे, त्यासाठी अहवालाच्या तक्त्यात रकानाच नाही.

तरीही सध्या एक चांगली संधी आहे आणि गावांनी ती दवडू नये. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात लागू झालेल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक (क्रेडिट) आहेत. अशा कामाच्या एका श्रेयांकामागे ३० तास धरले जातात. दोन श्रेयांकांचे ६० तास झाले, म्हणजे रविवारी चार तास याप्रमाणे पंधरा रविवार. सात दिवसांच्या शिबिरात जे होत नाही ते पंधरा रविवारांत होऊ शकते. उदाहरणार्थ, गावातील वीस विहिरींची पाणीपातळी दर पंधरवड्याला दोरीने मोजून शाळेच्या फळ्यावर लिहायची. शासनाची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींच्या पातळ्या वर्षातून चार वेळा घेते. आपल्या गावात दादर (रब्बी ज्वारी) पेरावी की हरभरा, आणि त्याला किती पाणी पुरेल, हे ठरवायला तेवढे पुरत नाही. एका वर्षाच्या मुलांची वही पुढच्या वर्षाच्या मुलांकडे गेली, तर तीन वर्षांत गावाजवळ आजवर नसलेली नोंद तयार होते. काम असे असावे की ज्याचा प्रश्न गावाचा आहे आणि ज्याचे उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवता येते. ग्रामपंचायतीने ठराव करून असे दोन-तीन प्रश्न जूनमध्येच प्राचार्यांकडे पाठवावेत. वनराई बंधारा हवा असेल, तर महिनाही ठरावातच लिहावा.

गावाने मागत राहायचे आणि विद्यापीठाने देत राहायचे, असेही मी समजत नाही. साक्री तालुक्यातील बारीपाडा हे याच खानदेशातील गाव. तेथील ग्रामस्थांनी चैत्राम पवार यांच्यासह उजाड झालेले जंगल राखून परत वाढवले, आणि २०२५ साली पवार यांना पद्मश्री मिळाली. तेथे भरणारी रानभाज्यांची पाककला स्पर्धा पाहण्यासाठी लांबून लोक येतात. अशा गावात विद्यार्थी गेले, तर शिकवणारे कोण आणि शिकणारे कोण, हे वेगळे सांगायला नको. कुलगुरूंच्या निवेदनात 'आम्ही गावाला काय दिले' याच्याखाली 'गावाकडून काय घेतले' असा एक परिच्छेद वाचायला मिळाला, तर मला तो रोपांच्या संख्येपेक्षा अधिक विश्वासाचा वाटेल.

प्रश्न : मी धडगाव तालुक्यातील असून एका शहरातील महाविद्यालयात द्वितीय वर्षात शिकते. कुलगुरूंच्या निवेदनांत विद्यापीठ परिसरातील जीवनाचे वर्णन असते, पण आम्ही वर्गातून थेट बसस्थानकावर जाणाऱ्या मुली त्यात कुठेच नसतो. खोलीच्या आणि पाण्याच्या अडचणी कोणाला सांगाव्यात?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझे निरीक्षण बरोबर आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे उदाहरण घे. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा परिसर जळगावात आहे, पण त्याच्या कक्षेत जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येतात, आणि बहुतांश विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत शिकतात. त्यांच्यासाठी परिसरातील जीवन म्हणजे एसटीचा सवलतीचा पास, दुपारचा डबा आणि संध्याकाळची शेवटची गाडी. 'युवारंग'सारख्या युवक महोत्सवाची तालीम संध्याकाळी ठेवली, की गावाकडच्या मुली आपोआप गळतात. त्यांना आवड नाही असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. सातपुड्यातून शिकायला येणाऱ्या मुलींच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे.

तक्रारीची वाट मात्र आता स्पष्ट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थ्यांसाठी तक्रार निवारण समिती असणे बंधनकारक असून, तिच्यात किमान एक महिला सदस्य असावी लागते. समितीने तक्रार आल्यापासून शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यावा, आणि निर्णय पटला नाही तर विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येते. तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी, आणि जमल्यास तीन-चार जणींनी मिळून द्यावी. वसतिगृह आदिवासी विकास विभागाचे असेल, तर पाण्याचा अर्ज प्रकल्प कार्यालयाकडे जातो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना निवास आणि भोजनासाठी थेट रक्कम देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. तू तिला पात्र आहेस का, हेही तेथेच विचार.

प्रश्न : आम्ही जुने पदवीधर. आम्हाला निवेदन वाचण्यापलीकडे काही करता येते का?
— एक निवृत्त शिक्षक, चाळीसगाव

उत्तर : येते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले दहा सदस्य असतात. अधिसभेची बैठक वर्षातून किमान दोनदा होते आणि वार्षिक अहवाल व हिशेब तेथे चर्चेला येतात. पहिल्या वाचकांनी विचारलेला प्रश्न, म्हणजे मागील पाच वर्षांत शिबिरे झालेल्या गावांपैकी किती गावांत पुन्हा जाणे झाले, हा अधिसभेत आपल्या प्रतिनिधीमार्फत मांडता येईल. त्यासाठी आपण मतदार असायला हवे, आणि नुसत्या पदवीने मतदार होता येत नाही. निवडणुकीपूर्वी जाहीर होणाऱ्या मुदतीत वेगळी नोंदणी करावी लागते. अधिसभेची मुदत पाच वर्षांची असल्याने ती तारीख हुकली की पुढची निवडणूक येईपर्यंत थांबावे लागते. पदवी प्रमाणपत्राची प्रत आताच शोधून ठेवावी.