२००९ च्या डब्ल्यूआरएक्सला २०११ चे फेंडर: जागा कुठे मिळते आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेतली २००९ ची सुबारू डब्ल्यूआरएक्स सेडान, १७×९ ईटी ४२ ची चाकं (१७ इंच व्यास, ९ इंच रुंद रिम; ईटी म्हणजे ऑफसेट, चाक ज्यावर बसतं त्या हबला टेकणारं पृष्ठ रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे ते) आणि २४५/४५ टायर (२४५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ४५ टक्के) घालायचेत. पुढे टायर फेंडरला, म्हणजे चाकावरच्या पत्र्याला, घासेल, म्हणून २०११ नंतरच्या रुंद अंगाच्या गाडीचे पुढचे फेंडर बसवले तर भागेल का?

फेंडर बसतात. भागत मात्र नाही, कारण तुमची खरी अडचण मागच्या चाकांशी आहे आणि मागचं अंग बोल्ट काढून बदलता येत नाही. फेंडर मागवण्याआधी एवढं वाचा.

आधी कुठलं काय बसतं ते. २००८ ते २०१० ची डब्ल्यूआरएक्स अरुंद अंगाची. एसटीआय, म्हणजे डब्ल्यूआरएक्सचीच जास्त ताकदीची आवृत्ती, २००८ पासूनच रुंद होती आणि २०११ ला साध्या डब्ल्यूआरएक्सलाही तेच रुंद अंग दिलं. सांगाडा मुळात तोच असल्यामुळे २००८ ते २०१४ ची एसटीआय आणि २०११ ते २०१४ ची डब्ल्यूआरएक्स यांचे पुढचे फेंडर तुमच्या गाडीच्या मूळ बोल्टांवर येतात. जुन्या सुट्या भागांच्या यार्डात हमखास होणारी चूक म्हणजे २०१२ ते २०१४ च्या साध्या इम्प्रेझाचा फेंडर उचलणं. साधी इम्प्रेझा २०१२ ला नव्या पिढीत गेली, डब्ल्यूआरएक्स मात्र २०१४ पर्यंत जुन्याच अंगावर राहिली. तेव्हा नुसतं 'इम्प्रेझा २०१३' सांगून फेंडर मागवला तर हाती चुकीचा तुकडा येतो. २०१५ पासूनच्या डब्ल्यूआरएक्सचे आणि २००७ पर्यंतचे फेंडरही तुमच्या कामाचे नाहीत.

आता आकडे. रुंद गाडीची एकूण रुंदी अरुंद गाडीपेक्षा जास्त आहे, पण हा फरक दोन्ही बाजूंना वाटला जातो. म्हणजे एका बाजूला त्याचा अर्धाच. फेंडर बदलून मिळणारी जागा एवढीच, आणि तीही फक्त बाहेरच्या बाजूला.

टायर किती सरकतो ते काढायची सोपी रीत: टायरच्या रुंदीचा अर्धा भाग घ्या आणि त्यातून ऑफसेट वजा करा. हबच्या पृष्ठापासून बाहेरची कड मिळते. त्याच अर्ध्यात ऑफसेट मिळवला की आतली कड मिळते. एक दुरुस्ती मात्र करावी लागते: टायरवर छापलेली रुंदी ठरावीक रिमवर मोजलेली असते आणि रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर सुमारे ५ मिमी पसरतो. २२५/४५ ची मापाची रिम ७.५ इंच, २४५/४५ ची ८ इंच. तुमच्या मूळ १७×७ ईटी ५५ रिमवर २२५ चा टायर प्रत्यक्षात २२० मिमी भरतो, तर ९ इंचाच्या रिमवर २४५ चा २५५ होतो.

मूळ चाक: बाहेर ११० वजा ५५, म्हणजे ५५ मिमी. आत १६५.
तुमचं नवं चाक: बाहेर १२७.५ वजा ४२, म्हणजे ८५.५. आत १६९.५.

म्हणजे टायर ३० मिमी बाहेर आणि जेमतेम साडेचार मिमी आत जातो. त्यात व्यास ६३४ वरून ६५२ मिमी होतो, म्हणजे त्रिज्या ९ मिमीने वाढते. नव्या फेंडरची जागा या सगळ्या सरकण्याला पुरेल असं धरून चालू नका. शिवाय वाढलेली त्रिज्या पुढे बंपरच्या कोपऱ्याकडे आणि मागे दरवाज्याखालच्या शिवणीकडे जागा खाते. तिथे फेंडर काहीच करू शकत नाही.

हेच गणित १७×८ ईटी ४८ आणि २३५/४५ ला लावून बघा. बाहेर ६९.५, आत १६५.५. आतली जागा जवळपास मूळचीच राहते आणि टायर फक्त १४.५ मिमी बाहेर येतो. हा जोड २००८ ते २०१० च्या अरुंद अंगावर सर्रास बसवला जातो. फार तर मागच्या कमानीची आतली कड दुमडावी लागते. कंपनीने २०११ ला स्वतः दिलेलं माप १७×८ ईटी ५३ आणि २३५/४५ आहे. ते तुमच्या गाडीला लावलं तर टायर साडेपाच मिमी आत येतो, म्हणून स्ट्रटपाशी (स्प्रिंग आणि शॉकच्या खांबापाशी) बोट घालून जागा बघावी लागते.

मागच्या बाजूचं आता. रुंद गाडीचं मागचं क्वार्टर पॅनेल, म्हणजे मागच्या चाकावरचा पत्रा, वेल्ड केलेलं असतं. ते बदलायचं म्हणजे कापाकापी, वेल्डिंग आणि मागची सगळी बाजू रंगवणं. म्हणून बरेच जण पुढे रुंद टायर आणि मागे मूळ टायर असा मार्ग शोधतात. हे कृपा करून करू नका. गाडीला चारही चाकांची ओढ आहे. सुबारूचा नियम असा की चारही टायरच्या परिघात पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६ मिमीपेक्षा जास्त फरक नको. पुढे २४५/४५ आणि मागे २२५/४५ ठेवले तर परिघातला फरक ५६ मिमी होतो. मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा) सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतो, तापतो आणि निकामी होतो. पुढच्या फेंडरपेक्षा हे दुखणं कितीतरी महाग आहे.

फेंडर मागवण्याआधी घासतं कुठे ते पक्कं करा. एक चाक मित्राकडून उसनं आणता आलं तर उत्तम. गाडी सपाट जागेवर, टायरच्या खांद्याला खडूचा जाड पट्टा. पुढचं एक चाक १५ सेंटिमीटर उंच भक्कम रॅम्पवर चढवा, म्हणजे त्या बाजूचं सस्पेन्शन दबेल. स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवा आणि खडू कुठे उमटला ते बघा. चार जागा असतात: फेंडरची आतली कड, प्लॅस्टिक लायनरचा (कमानीतल्या अस्तराचा) पुढचा भाग, लायनरच्या मागची धातूची शिवण, आणि आत स्ट्रट. फेंडर बदलून फक्त पहिली जागा सुटते. लायनरला खडू लागला तर हीटगनने लायनर गरम करून मागे दाबा, किंवा त्याची क्लिप हलवा. नुसती कड घासत असेल तर रोलरने ती दुमडता येते. रंग आधी हीटगनने हाताला चटका बसेल इतका गरम करा, नाहीतर तो तडकतो आणि बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर पहिल्याच हिवाळ्यात तिथून गंज धरतो.

कॅम्बरनेही, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर कलण्यानेही, थोडी जागा मिळते. तुमच्या पुढच्या स्ट्रटचा वरचा बोल्ट विकेंद्री (एक्सेंट्रिक), म्हणजे तो फिरवून कॅम्बर बदलता येईल असा आहे. एक अंश ऋण कॅम्बर (माथा आत कलणारा) वाढवला की टायरचा माथा पाच-साडेपाच मिमी आत येतो. पण या बोल्टाने चाक स्ट्रटकडे झुकतं, त्यामुळे आतली जागा तेवढीच कमी होते. वरच्या कॅम्बर प्लेटने केलं तर स्ट्रटही सोबत झुकतो आणि ही अडचण येत नाही.

एवढं करूनही फेंडर बदलायचेच असतील, तर नुसते फेंडर घेऊ नका. रुंद फेंडरला अरुंद बंपर जुळत नाही, कोपऱ्यावर पायरी दिसते. यादी अशी: दोन्ही फेंडर, रुंद गाडीचा बंपर त्याच्या ग्रिलसकट, बंपरच्या कोपऱ्याचे ब्रॅकेट, दोन्ही बाजूंचे फेंडर लायनर, फेंडरवरच्या प्लॅस्टिक जाळ्या, आणि डझनभर नव्या क्लिपा. जुन्या क्लिपा हमखास तुटतात. बॉनेट आणि पुढचे दरवाजे तुमचेच चालतात. साइड स्कर्टचं पुढचं टोक फेंडरच्या खालच्या कडेला जुळतं का, हे रंगवण्याआधी बघा. शक्य तर एकाच गाडीचा पूर्ण जोड घ्या. यार्डातून घेताना वरच्या बोल्टांच्या भोकांभोवती सुरकुत्या आहेत का ते तपासा, कारण धडकेत फेंडर आधी तिथे वळतो. बाजारातला नवा पर्यायी फेंडर घ्यायचा तर कॅपा (पर्यायी सुट्या भागांच्या दर्जाचं) प्रमाणपत्र असलेला घ्या. बाकीच्यांच्या कडा दरवाज्याला जुळवताना फार वेळ जातो.

रंग बसवण्याआधी एकदा कोरडं जुळवून बघायचंच. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, पुढे एअरबॅगचे सेन्सर असतात. दरवाज्याच्या कडेला आणि बॉनेटच्या कोपऱ्यांना मास्किंग टेप लावा. गाडी स्टँडवर, चाक बाहेर, लायनर बाहेर, मग बंपर, मग हेडलॅम्प. फेंडरचे बहुतेक बोल्ट १० मिमी पान्याचे: बॉनेटखालच्या काठाची रांग, दरवाजा उघडल्यावर बिजागरीपाशी दिसणारे, लायनरमागचे, आणि खाली सिलवरचे (दरवाज्याखालच्या पट्टीवरचे). सिलवरचे गंजून अडकतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि इम्पॅक्ट न लावता हाताने सोडवा. आतली नटाची जागा फिरली तर एका बोल्टासाठी अर्धा दिवस जातो.

बसवताना सगळे बोल्ट सैल ठेवा. आधी दरवाज्याची फट वरपासून खालपर्यंत सारखी करा, साधारण ४ मिमी. दरवाज्याची पुढची कड फेंडरपेक्षा बाहेर डोकावता कामा नये, नाहीतर वारा शीळ घालतो. मग बॉनेटची फट, सगळ्यात शेवटी बंपर. बंपर आधी घट्ट केला तर फेंडर पुढे ओढला जातो आणि दरवाज्याची फट बिघडते. बंपरसाठी फेंडर वाकवू नका, ब्रॅकेटची भोकं लांबवा. दरवाजा हळूच उघडून कड कुठे टेकत नाही ना ते बघा आणि मगच बोल्ट घट्ट करा. एम ६ च्या बोल्टाला ७-८ न्यूटन-मीटर पुरे.

जुळलं की सगळं उतरवून रंगवायला द्या. आतली बाजू आणि दुमडलेली कडही रंगवून घ्या, आणि परत बसवताना फेंडरच्या मागच्या पोकळीत मेणाचा गंजरोधक फवारा. तिथे आवाज दाबायचा फोम असेल तर तो ओलं मीठ धरून ठेवतो, पूर्ण कोरडा करूनच परत घाला. गाडी निळी असेल, म्हणजे रंगाचा कोड ०२सी, तर रंगाऱ्याला दरवाज्यावर थोडा रंग मिसळून ओढायला सांगा. जुन्या मायका निळ्याशेजारी ताजा फेंडर उन्हात वेगळा दिसतो.

तपासणीचाही विचार करा. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात टायर कमानीच्या बाहेर डोकावला तर वार्षिक तपासणीत गाडी नापास होते. तुमच्या १७×९ चाकांना पुढे रुंद फेंडर कदाचित वाचवतील. मागची चाकं अरुंद कमानीत तशीच राहतात, आणि मोजमाप तिथेही होणारच.

माझा सल्ला: १७×८ ईटी ४८ आणि चारही बाजूंना २३५/४५ घ्या, मागची कड दुमडा, फेंडर मूळचेच ठेवा. तरीही रुंद फेंडर हवेच असतील, तर मागचं क्वार्टर पॅनेल करून देणारं वर्कशॉप आधी ठरवा आणि ९ इंचाची चाकं त्यानंतर घ्या. नवी चाकं बसल्यावर ५० मैलांनी चाकाचे नट पुन्हा मॅन्युअलमधल्या टॉर्कला तपासा. पाचशे मैलांनी लायनर उतरवून आतल्या बाजूला चकाकी आली आहे का बघा. टायर कुठे टेकत असेल तर प्लॅस्टिक तिथे आधी चकाकतं, भोक नंतर पडतं.