आजोबा कॉर्कचे, नातू वेम्ब्लीचा

या वेळी टपालात फुटबॉलची पत्रं जास्त. त्यातली तीन घेतो. पहिल्याचं उत्तर लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : सर, माझा मुलगा नववीत आहे, आर्सेनल या इंग्लिश क्लबचा कट्टर भक्त. परवा त्याच्याकडून कळलं की डेक्लन राईस आधी आयर्लंडकडून खेळला आणि मग इंग्लंडकडून. मी म्हणालो, ही गद्दारी. तो म्हणाला, नियमात बसतं. दोन दिवस घरात अबोला आहे. कोण बरोबर?
– एक वाचक, मिरज

उत्तर : पोरगं बरोबर आहे. तेव्हा अबोला तुम्हीच सोडा. तुमच्या म्हणण्यातही काहीतरी आहे, त्याकडं नंतर येतो.

राईसचा जन्म १४ जानेवारी १९९९ चा, लंडनचा. वडिलांचे आई-वडील मात्र आयर्लंडमधल्या कॉर्कजवळच्या डग्लसचे. फुटबॉलच्या कायद्यात आजी-आजोबा एखाद्या देशात जन्मलेले असले आणि तिथलं नागरिकत्व तुमच्याकडं असलं, की त्या देशाकडून खेळता येतं. म्हणजे जन्मानं इंग्लंड आणि आजोळ-पणजोळ म्हणतो तसं ‘आजोबांचं गाव’ आयर्लंड, अशी दोन्ही दारं त्याला उघडी होती.

आता हाक आधी कुणी मारली ते बघा. चेल्सी क्लबच्या अकादमीनं त्याला चौदाव्या वर्षी घरी पाठवलं. वेस्ट हॅम या दुसऱ्या क्लबनं उचलला. तेव्हा इंग्लंडच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, आयर्लंडनं मात्र सोळा वर्षांखालच्या संघापासून त्याला वर आणलं. २३ मार्च २०१८ ला तुर्कस्तानात अंताल्याला तो आयर्लंडच्या मोठ्या संघातून उतरला. मग मे महिन्यात फ्रान्सशी आणि जूनमध्ये अमेरिकेशी. एकूण तीन सामने, तिन्ही मैत्रीपूर्ण.

या ‘मैत्रीपूर्ण’ शब्दावर सगळी गाडी अडली आणि सुटलीही. त्या वेळचा फिफाचा नियम असा होता की मोठ्या संघातून एक जरी अधिकृत स्पर्धेचा सामना खेळलात, तर आयुष्यभर त्याच देशाचे. मैत्रीपूर्ण कितीही खेळा, ते धरत नाहीत. आणि सप्टेंबर २०१८ मध्ये आयर्लंडचा पुढचा सामना होता कार्डिफला, वेल्सविरुद्ध, नेशन्स लीगचा. म्हणजे स्पर्धेचा. त्या सामन्यात शेवटची दोन मिनिटं जरी राईस मैदानात आला असता, तरी दार कायमचं बंद. ऑगस्टमध्ये त्यानं प्रशिक्षक मार्टिन ओ’नील यांना सांगितलं, मला धरू नका, विचार करायचाय. वय एकोणीस.

माझ्या मते त्याची खरी कसोटी हीच. नंतरच्या घोषणेबिषणेला मी फार किंमत देत नाही. आत्ता खेळायचं नाही म्हणून बाजूला थांबणं, तेही मोठा संघ हात पुढं करून उभा असताना, हे सोपं नसतं.

तुम्ही म्हणाल, हिशेबीपणा. असेल. पण त्याच उन्हाळ्यात आणखी एक घडत होतं. आदल्या हंगामात तो वेस्ट हॅमकडं बऱ्याचदा मागं, बचावात खेळायचा. नवे प्रशिक्षक पेलेग्रिनी यांनी त्याला मधल्या फळीत आणलं. पहिलाच सामना लिव्हरपूलला, अॅनफिल्डवर, आणि मध्यंतरालाच त्याला बाहेर बसवलं. वेस्ट हॅम ४-० हरला. मग काही आठवडे बाकावर. सप्टेंबरमध्ये परत आला तो मात्र वेगळाच खेळाडू होता. जागा सापडलेला. जानेवारीपर्यंत इंग्लंडला दिसायला लागलं की आपल्याला मधे असा पोरगा नाही. आयर्लंडचे नवे प्रशिक्षक मिक मॅकार्थी त्याला आणि घरच्यांना भेटूनही आले. १३ फेब्रुवारी २०१९ ला त्यानं इंग्लंड जाहीर केलं, ५ मार्चला फिफाचा शिक्का बसला, २२ मार्चला इंग्लंडच्या घरच्या मैदानावर, वेम्ब्लीवर, चेक प्रजासत्ताकाविरुद्ध बदली म्हणून तो उतरला. इंग्लंड ५-०.

गंमत म्हणजे त्याच मार्चमध्ये आयर्लंडच्या संघटनेनं त्याला आदल्या वर्षाचा सर्वोत्तम युवा खेळाडू म्हणून बक्षीस दिलं. सासर सोडून गेलेल्या सुनेला हळदीकुंकवाचं बोलावणं जावं, तसं.

कायद्याची दुसरी बाजू किती क्रूर होती, तेही चिरंजीवांकडून ऐका. मुनीर अल हद्दादी, बार्सिलोनाचा पोरगा, वय एकोणीस. सप्टेंबर २०१४ मध्ये स्पेननं त्याला मॅसेडोनियाविरुद्ध शेवटचा पाव तास उतरवलं. सामना युरो पात्रतेचा. पुन्हा कधी बोलावलं नाही. मोरोक्को त्याला घ्यायला तयार, तो जायला तयार, पण त्या पाव तासानं पाय बांधले. क्रीडा लवादापर्यंत गेला, हरला, २०१८ चा विश्वचषक हुकला. २०२० मध्ये फिफानं नियम सैल केला. एकवीस वर्षांचे होण्याआधी जास्तीत जास्त तीन सामने, त्यात विश्वचषक किंवा खंडाची मुख्य स्पर्धा नको, आणि मधे तीन वर्षं गेलेली हवीत. मग कुठं २०२१ मध्ये तो मोरोक्कोकडून खेळला. राईस कार्डिफला का गेला नाही, ते मुनीरकडं बघितलं की कळतं.

आता तुमच्या बाजूचं. आयर्लंडच्या लोकांना राग आला, तो खोटा नव्हता. पोराला ओळखलं आम्ही, घडवलं आम्ही, आणि फळ धरल्यावर कुंपणापलीकडं. पण आयर्लंडनंही या नियमाचं दूध भरपूर प्यायलंय. १९८८ च्या युरोत स्टुटगार्टला इंग्लंडला १-० हरवणारा गोल रे हौटनचा. तो जन्मला ग्लासगोला. १९९० च्या विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या संघातला अँडी टाउनसेंड केंटमधल्या मेडस्टोनचा. दोघेही मधल्या फळीतले. आणि प्रशिक्षक जॅक चार्लटन? १९६६ ला इंग्लंडकडून विश्वचषक जिंकलेला माणूस. तेव्हा डब्लिनमध्ये आजी-आजोबांचे जन्मदाखले शोधून काढणं म्हणजे हुशारी समजली जायची.

७ सप्टेंबर २०२४ चा सामना मुलाबरोबर पुन्हा बघा. डब्लिन, आयर्लंड विरुद्ध इंग्लंड. राईसच्या पायाला चेंडू लागला की सगळं मैदान हुर्यो करत होतं. अकराव्या मिनिटाला गोल त्याचाच. दुसरा जॅक ग्रीलिशचा, तोही लहानपणी आयर्लंडच्या युवा संघातून खेळलेला. गोल झाल्यावर राईसनं हात वर केले नाहीत, नाचला नाही. आजी-आजोबा आयरिश, दोघंही आता नाहीत, त्यांच्या देशात उड्या मारणं बरं दिसलं नसतं, अशा अर्थाचं तो नंतर बोलला. आणि त्या दिवशी इंग्लंडच्या बाकावर हंगामी प्रशिक्षक कोण? ली कार्सली. जन्म बर्मिंगहॅमचा, आयर्लंडकडून ४० सामने, तोही मधल्या फळीतला. इंग्लंडचं राष्ट्रगीत सुरू असताना तो तोंड मिटून उभा होता, त्यावरून लंडनच्या पेपरांनी दोन दिवस रान उठवलं. उलटसुलट गेलेले इतके धागे एका मैदानावर मी तरी पाहिले नाहीत.

पाहिले नाहीत म्हणजे, एवढ्या मोठ्या मैदानावर नाहीत. छोट्या मैदानावर मी स्वतःच तो धागा होतो. आमच्या कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे, आणि पेठेची तालीम म्हणजे देशच. माझं घर एका पेठेत, मामाचं दुसऱ्या. घरच्या तालमीनं मला दोन हंगाम बाकावर बसवलं. मामाच्या तालमीनं नोंदणीच्या आदल्या दिवशी माणूस घरी पाठवला, हातात नवे बूट. गेलो. शाहू स्टेडियमवर दोन्ही संघ समोरासमोर आले आणि माझ्या पासवरून गोल झाला. गॅलरीत एका अंगाला हलगी, दुसऱ्या अंगाला माझ्या सात पिढ्यांचा उद्धार. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या चहावाल्यानं कप असा आपटला की निम्मा चहा बशीत. पैसे मात्र घेतले नाहीत. ते प्रेमानं की रागानं, हे मला चाळीस वर्षांत उमगलेलं नाही. दादांनी आठवडाभर जेवताना माझ्याशी एक शब्द काढला नाही. तेव्हा तुमचा अबोला मला नवा नाही, पण तो आठवड्याच्या वर जाऊ देऊ नका.

प्रश्न : नमस्कार. आम्ही मूळचे साताऱ्याचे, अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. मुलगा चौदा वर्षांचा, जन्म इथला, अमेरिकन पासपोर्ट आहे आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. क्लबकडून मधल्या फळीत खेळतो, प्रशिक्षक चांगलं म्हणतात. उद्या भारताकडून खेळायची वेळ आली तर ओसीआय कार्ड चालेल का?
– एक आई

उत्तर : नाही चालणार, ताई. ओसीआय कार्डावर ‘नागरिक’ हा शब्द असला, तरी ते नागरिकत्व नव्हे. येणं-जाणं, राहणं, बँक, जमीनजुमल्यातलं काही, एवढ्यापुरतं ते. भारताची जर्सी घालायला भारताचा पासपोर्ट लागतो, आणि आपला कायदा दोन पासपोर्ट ठेवू देत नाही. राईसला कॉर्कचे आजोबा पुरले, तुमच्या मुलाला साताऱ्याचे आई-बाप पुरणार नाहीत. फिफाचं दार उघडं, दिल्लीचं अर्धवट लोटलेलं.

या दारातून गेलेला एक जण मी बालेवाडीला बघितलाय. इझुमी अराता. जन्म १९८२ चा, जपानचा. आई जपानी, वडील गुजराती. इथं मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून खेळला, मग पुणे एफसी. अंगानं किरकोळ, पण चेंडू यायच्या आधी वळलेला असायचा आणि लांबून फटका मारायला कचरायचा नाही. नीलकंठ खंभोळजा हे त्याचं भारतीय नाव. जपानचं नागरिकत्व सोडून त्यानं आपलं घेतलं आणि २०१३ मध्ये भारताकडून खेळला तेव्हा तिशी ओलांडली होती. खेळाडूची ऐन वर्षं कागदात गेली. मला अजून ते लागतं. पाच वर्षं आधी आला असता तर, असा विचार बालेवाडीच्या पायऱ्यांवर बसून मी कितीदा केलाय.

अलीकडचं नाव रायन विल्यम्सचं. पर्थचा, आई मूळची मुंबईची. ऑस्ट्रेलियाकडून २०१९ मध्ये एक मैत्रीपूर्ण सामना खेळलेला. तिथलं नागरिकत्व सोडून त्यानं २०२५ मध्ये भारताचं घेतलं.

कायद्याचा रस्ता ढोबळमानानं असा : मुलगा सज्ञान हवा, ओसीआय कार्ड घेऊन पाच वर्षं झालेली हवीत, आणि अर्जाआधी वर्षभर भारतात राहिलेला हवा. म्हणजे अठरापर्यंत तुम्हाला काहीच करायचं नाहीये. अमेरिकेच्या युवा संघानं बोलावलं तर बेलाशक जाऊ दे, युवा संघातून खेळल्यानं पुढची वाट कायमची बंद होत नाही. आणि अमेरिकेचा पासपोर्ट एकदा सोडला की तो पुन्हा मिळवणं भलतं अवघड, तेव्हा सही करताना फॉर्म त्याच्या हातात असू दे, तुमच्या नको. साताऱ्याच्या आजीला नातू निळ्या जर्सीत बघायचाय, हे पत्रात तुम्ही कंसात लिहिलंय. आजीला माझा नमस्कार सांगा आणि क्लबच्या सामन्याचे व्हिडिओ पाठवत जा.

प्रश्न : मी कोल्हापूरची, शाळेच्या मुलींच्या संघात हाफ खेळते, म्हणजे मधल्या फळीत. सर म्हणतात राईसला बघ. पण टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागं पळतो. नेमकं काय बघू?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : हाफ म्हणालीस, जीव गार झाला! हल्ली सगळे जर्सीच्या आकड्यांवरून ‘सिक्स’ आणि ‘एट’ म्हणतात.

चेंडू बघूच नकोस. राईस पडद्यावर दिसला की त्याची मान बघ. पास यायच्या आधी तो एकदा उजव्या खांद्यावरून मागं बघतो, एकदा डाव्या. चेंडू पायाला लागतो तेव्हा मागं कोण आहे ते त्याला ठाऊक असतं. दुसरं, त्याचे पाय. चेंडू देणाऱ्याकडं तो छाती पूर्ण वळवून उभा राहत नाही, तिरका राहतो. एक पाय आपल्या गोलकडं, एक समोरच्यांच्या. म्हणून एकाच स्पर्शात वळता येतं आणि मग ती लांब ढांगांची धाव सुरू होते. २०२३ मध्ये आर्सेनलनं त्याच्यासाठी दहा कोटी पौंड आणि वर पन्नास लाख मोजायची तयारी ठेवली, त्यातले बरेच या वळण्याचे. तिथं तो आधी बचावासमोर खेळायचा, मग त्याला थोडा पुढं, डाव्या अंगाला सरकवला.

फ्री किकचं तू विचारलं नाहीस, पण सांगतो. ८ एप्रिल २०२५ ला रेआल माद्रिदविरुद्ध त्यानं बारा मिनिटांत दोन फ्री किक थेट जाळ्यात मारल्या, गोलात कुर्तुआसारखा ताडमाड गडी असताना. त्याआधी मोठ्या संघाच्या सामन्यात त्याची थेट फ्री किक एकदाही गोल झाली नव्हती. वय सव्वीस.

तुझ्यासाठी एक काम. पुढच्या सामन्यात मैत्रिणीला बाहेर वही घेऊन बसव. चेंडू तुझ्याकडं यायच्या आधी तू मान किती वेळा वळवलीस, एवढ्याच रेघा मारायला सांग. पहिल्या दिवशी पानभर मोकळं राहील. ते पान मला पाठव, आणि महिन्यानंतरचंही.