स्कॅन केलेला गावनकाशा क्यूजीआयएसमध्ये (संगणकावर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) बसवला, त्रुटी शून्य आली. तरी बांध सरकलेले आणि क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा जास्त का?

तुमची ती शून्य त्रुटीच मला खटकते. नकाशा बसवायची थिन प्लेट स्प्लाइन ही पद्धत निवडली की दिलेला प्रत्येक बिंदू (नकाशावरची आणि जमिनीवरची एकच ओळखीची जागा) सांगाल तिथेच बसतो, चुकीचा असला तरी. मधला नकाशा मात्र रबरासारखा ताणला जातो. आधी पॉलिनॉमिअल १ लावा; ती पद्धत नकाशा सगळीकडे सारखाच सरकवते, फिरवते, ताणते. त्याला ३ बिंदू पुरतात, पण तीनच दिलेत तर तिथेही शून्यच येईल; म्हणून गावभर पसरलेले आठ-दहा द्या. फटकून असलेला बिंदू लगेच कळतो. आणखी दोन-तीन बिंदू मुद्दाम बाजूला ठेवा आणि नकाशा बसवल्यावर त्यांच्यावर ताडून पाहा. खरी परीक्षा तीच.

बिंदू म्हणून बांध घेऊ नका. नकाशा जुना, दरम्यान बांध कोरले गेलेत, रस्ते रुंदावलेत. जुनी बांधीव विहीर किंवा तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड घ्या. दगड उपग्रह चित्रात दिसणार नाही, तिथे जाऊन जीपीएसने नोंद घ्यावी लागेल. कृपा करून हा कंटाळा करू नका.

क्षेत्र वाढलंय कारण बहुधा तुमचा लेयर ईपीएसजी ३८५७ मध्ये, म्हणजे वेब नकाशांच्या सीआरएसमध्ये (निर्देशांक मोजायच्या पद्धतीत) आहे. साताऱ्याच्या अक्षांशावर त्यात क्षेत्र सुमारे ११ टक्के फुगतं. 'रिप्रोजेक्ट लेयर' वापरून तो ईपीएसजी ३२६४३ या मीटरमधल्या यूटीएम पद्धतीत न्या (नागपूर-चंद्रपूरकडे ३२६४४). नुसतं 'सेट लेयर सीआरएस' केलंत तर आकडे तेच राहतात, फक्त पाटी बदलते. सातबाऱ्यावरचं क्षेत्रही पोटखराबा (लागवडीला अयोग्य भाग) धरून घ्या. तरी एखादा गट जुळला नाही, तर त्याचं टिपण (मूळ मोजणीची मापं लिहिलेला कच्चा नकाशा) काढा. त्यातली मापं साखळी-आण्यांत असतात: साखळी ३३ फूट, तिचे १६ आणे, आणि एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा. प्रत्येक बाजू पडद्यावर मोजून पाहा, कुठली रेष चुकली ते सापडतं.

स्नॅपिंग (नवी रेष आधीच्या रेषेला नेमकी चिकटवणारी सोय) चालू ठेवूनच गट काढा, मग टोपॉलॉजी चेकर चालवा; तो गटांमधल्या फटी आणि एकमेकांवर चढलेले भाग दाखवतो. गटांचं एकमेकांवर चढणं ही चूकच. फटींचं तसं नाही. ओढा, रस्ता, गावठाण यांच्या जागा तिथे फट म्हणून दिसतात, त्या बुजवू नका.

आणि उपग्रह चित्रातल्या बांधाशी जुळावी म्हणून गटाची रेष ओढू नका. चित्रात दिसते ती आजची वहिवाट, नकाशात आहे ती मोजणी. दोन्ही वेगळ्या लेयरमध्ये ठेवा. शेजाऱ्याशी हद्दीचा वाद असेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या.