कोर्ससाठी एफडी मोडावी का?

छत्रपती संभाजीनगरच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलंय. वय २९, जलसंधारणाचं काम करणाऱ्या संस्थेत प्रसिद्धी आणि देणगीदारांशी संपर्काची जबाबदारी. पगार हातात ३४,०००, आईसह घरखर्च २६,०००, एफडी ३,१०,०००. पुढे जायचं तर शिकायला हवं म्हणून ११ महिन्यांचा ऑनलाइन डिजिटल मार्केटिंगचा कोर्स करायचाय, फी २,४०,०००. ‘एफडी मोडू की कर्ज काढू?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, यातलं काहीच करू नका. शिकायचं मात्र नक्की.

आधी हिशेब. फीवर १८ टक्के जीएसटी धरला की आकडा २,८३,२०० होतो. एफडी मोडली तर हाताशी जेमतेम २७,००० उरतात, म्हणजे एका महिन्याचा खर्च, आणि घरात आई आहे. १४ टक्क्यांनी दोन वर्षांचं कर्ज काढलं तर हप्ता १३,६०० च्या आसपास बसतो. तुमची शिल्लक ८,०००. कोर्सवाल्यांनी सांगितलेली व्याजावरची करसवलत विसरा. या पगारावर तुम्हाला मुळात करच भरावा लागत नाही.

आता पगारवाढीचं बघू. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा देणगीतून प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांचीच मर्यादा आहे, आधी ती ५० टक्के होती. प्रसिद्धीचं पद बहुतेक संस्था याच खात्यात धरतात. त्यामुळे नुसतं प्रमाणपत्र दाखवून तुमच्या व्यवस्थापनाला पगार फारसा वाढवता येणार नाही. तुमच्या कामामुळे संस्थेत आलेला पैसा दाखवलात तर बोलणं वेगळं होईल. क्षेत्रच सोडून कंपनीत जायचं असेल तर या कोर्सचा विचार निराळा करावा लागेल, पण तुमच्या पत्रात तसं कुठेच दिसलं नाही.

पत्रासोबतचं दिवाळीचं आवाहन मी दोनदा वाचलं. कोरड्या विहिरीचा फोटो आणि खाली ‘आपल्या मदतीची गरज आहे’. किती रुपयांत काय होतं, ते नाही. उलट पत्रातच तुम्ही सहज लिहून गेलात की गाळ काढल्यावर एका बाईंच्या विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी राहिलं आणि त्यांनी पहिल्यांदाच उन्हाळी भाजी लावली. आवाहन हेच होतं! त्यांची परवानगी घ्या, गाळ काढायचा नेमका खर्च टाका आणि तेच पाठवा.

तुमच्या यादीत ६४० देणगीदार आहेत, त्यातले ४१० एकदाच देऊन गेले. तुमचा अभ्यासक्रम इथे आहे. नवा माणूस शोधण्यापेक्षा एकदा विश्वास टाकलेल्याला परत आणणं स्वस्त पडतं. प्रत्येकाला त्याच्या पैशातून काय झालं ते कळवा, देणगीवरच्या करसवलतीचं प्रमाणपत्र पाठवताना सोबत कामाचा फोटो जोडा, निम्म्यांना फोन करा, निम्म्यांना पत्र लिहा आणि काय चाललं ते नोंदवा. दहा टक्के जरी सरासरी २,५०० घेऊन परतले तरी १,०२,५०० होतात. हा कागद पगाराच्या बोलणीत समोर ठेवा.

साधनं शिकायला मोठी फी लागत नाही. गुगलचं स्किलशॉप आणि हबस्पॉट अकॅडमी या संकेतस्थळांवरचे जाहिरात, ईमेलचे अभ्यासक्रम मोफत आहेत. पात्र संस्थांना गुगल दरमहा १०,००० डॉलरपर्यंतच्या सर्च जाहिराती फुकट देतं. तुमच्या संस्थेने अर्ज केला नसेल तर तो तुम्ही करा आणि ते खातं तुम्हीच चालवा. खऱ्या खात्यावर हात बसतो तसा नुसत्या सरावाने बसत नाही.

पैसे खर्च करायचेत ते प्रस्तावलेखनावर. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते. त्यांच्यापुढे गावाची आधीची स्थिती, कामाचा खर्च आणि नंतरचा बदल नेटक्या इंग्रजीत मांडणारी माणसं संस्थांना सहज मिळत नाहीत. या लेखनाची कार्यशाळा, इंग्रजीची शिकवणी, मोबाइलला एक बरा माईक, यासाठी महिन्याला ४,००० बाजूला काढा. ११ महिन्यांत ४४,००० होतात. निम्मा खर्च संस्थेने उचलावा असा लेखी अर्जही द्या. बिचकू नका, काम त्यांचंच आहे.

एफडीची मुदत मार्चमध्ये संपतेय म्हणता. तेव्हा सहा महिन्यांच्या खर्चाचे १,५६,००० तीन वेगळ्या पावत्यांत ठेवा, म्हणजे अडीनडीला एकच मोडावी लागेल. उरलेले १,५४,००० वर्षभरासाठी पुन्हा ठेवा. पुढच्या मार्चमध्ये त्या ४१० पैकी किती परतले ते मला जरूर कळवा.